जुनी आलिशान एसयूव्ही घेताना : किंमत उतरते, खर्च उतरत नाही

पाच-सहा वर्षे वापरलेली बीएमडब्ल्यू एक्स१ किंवा ऑडी क्यू३ आज अनेकदा नव्या, मध्यम आकाराच्या साध्या एसयूव्हीच्या किमतीत मिळून जाते. तेवढ्याच पैशांत मोठे नाव, भक्कम बांधणी आणि चामड्याची आसने मिळत असतील तर साध्या गाडीकडे का जावे, असा विचार ग्राहकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या हिशेबातील एक आकडा मात्र बहुधा सुटतो. गाडीची बाजारातील किंमत वर्षागणिक उतरते, पण तिच्या सुट्या भागांची आणि दुरुस्तीची किंमत उतरत नाही. पंधरा लाखांना घेतलेल्या गाडीचा गिअरबॉक्स बिघडला, तर येणारे बिल पंधरा लाखांच्या गाडीचे नसते. ती गाडी नवी असताना चाळीस लाखांची होती, त्या हिशेबाने ते येते. जुन्या आलिशान गाडीच्या व्यवहारात विश्वासार्हतेला इतके महत्त्व असते ते यामुळेच. साध्या गाडीतील चुकीची निवड मनस्ताप देते. येथील चुकीची निवड वर्षभराची बचत गिळू शकते.

प्रथम एक शब्दगल्लत दूर करू. आपल्याकडे ‘कॉम्पॅक्ट एसयूव्ही’ म्हटले की चार मीटरपेक्षा कमी लांबीची, करसवलतीच्या मर्यादेत बसणारी गाडी डोळ्यांसमोर येते. आलिशान वर्गातील कॉम्पॅक्ट म्हणजे सुमारे साडेचार मीटरची गाडी. ऑडी क्यू३, बीएमडब्ल्यू एक्स१, मर्सिडीज-बेंझ जीएलए, व्होल्वो एक्ससी४० आणि रेंज रोव्हर इव्होक ही त्यातील नेहमीची नावे. यांपैकी बऱ्याच गाड्या भारतातच जोडल्या गेलेल्या आहेत. जीएलए चाकणला, क्यू३ छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, इव्होक पुण्यात आणि एक्स१ चेन्नईला. देशातील जोडणीमुळे गाडी घेताना कर वाचला, तरी इंजिन, गिअरबॉक्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचे बहुतेक महागडे भाग आयातच होतात. त्यामुळे बिघाडानंतर गाडी आठवडेच्या आठवडे गॅरेजमध्ये उभी राहू शकते.

बोधचिन्हापेक्षा इंजिन पाहावे

‘कोणती कंपनी चांगली’ हा प्रश्न येथे फारसा उपयोगी नाही. एकाच नावाच्या दोन पिढ्यांतील इंजिने एकमेकांपासून इतकी भिन्न असतात की एक निःशंकपणे घ्यावी आणि दुसरीच्या वाटेला जाऊ नये, असे घडते.

एक्स१ हे त्याचे ठळक उदाहरण. २०१० च्या अखेरीस भारतात आलेल्या पहिल्या पिढीतील डिझेल गाड्यांत एन४७ मालिकेचे इंजिन होते. या मालिकेच्या सुरुवातीच्या काळातील इंजिनांत टायमिंग चेन अकाली झिजण्याच्या तक्रारी जगभर झाल्या. ही साखळी इंजिनाच्या पुढच्या बाजूस नसून मागे, गिअरबॉक्सच्या अंगाला आहे. परिणामी ती बदलायची म्हणजे गिअरबॉक्स किंवा इंजिनच खाली उतरवावे लागते, आणि ती तुटलीच तर इंजिन निकामी होऊ शकते. अशी गाडी थंड असताना सुरू करून मागच्या बाजूने किणकिण किंवा घासल्यासारखा आवाज येतो का, हे कान देऊन ऐकावे. आवाज आला तर किंमत कमी करून घेण्याच्या फंदात न पडता गाडी सोडून द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. याउलट २०१६ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या डिझेल एक्स१ मध्ये सुधारित बी४७ इंजिन आणि टॉर्क कन्व्हर्टर प्रकारचा आठ गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स आहे. हा जोड बराच टिकाऊ ठरला. तरीही २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूने डिझेल इंजिनांतील ईजीआर कूलरसाठी जगभर गाड्या परत बोलावल्या होत्या. कूलरमधून शीतक गळून आग लागण्याचा धोका, हे त्यामागचे कारण होते. आपण पाहत असलेली गाडी त्या मोहिमेत होती का आणि काम झाले का, हे चेसिस क्रमांकावरून अधिकृत सेवा केंद्रात विचारता येते.

क्यू३ भारतात २०१२ मध्ये आली. सुरुवातीच्या दोन लिटर डिझेल गाड्यांत ईए१८९ हे इंजिन होते. सप्टेंबर २०१५ मध्ये जगभर गाजलेल्या उत्सर्जन घोटाळ्यातील इंजिन ते हेच. फोक्सवॅगन समूहाने त्यानंतर भारतात तीन लाखांहून अधिक गाड्या परत बोलावून त्यांच्या संगणकीय प्रणालीत बदल करण्याची मोहीम जाहीर केली होती. या इंजिनात साखळी नसून टायमिंग बेल्ट आहे. तो मुदतीत बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही, असेच धरून चालावे आणि त्याचा खर्च किमतीतून वजा करावा. २०२२ मध्ये आलेली दुसऱ्या पिढीची क्यू३ केवळ पेट्रोल इंजिनासह मिळते, कारण बीएस-६ मानके लागू झाल्यावर ऑडीने भारतात डिझेल थांबवले.

जीएलएच्या बाबतीत २०२१ पासूनची पिढी पाहावी. तिच्यातील १.३ लिटर पेट्रोल इंजिन मर्सिडीजने रेनोच्या सहकार्याने विकसित केले आहे आणि त्याच कुळातले इंजिन आपल्याकडे रेनो डस्टरच्या टर्बो आवृत्तीतही होते. ‘मर्सिडीजमध्ये डस्टरचे इंजिन’ म्हणून काही जण नाक मुरडतात. वापरलेली गाडी घेणाऱ्याने उलट समाधान मानावे, कारण मोठ्या संख्येने वापरात असलेल्या इंजिनाचे गुणदोष लवकर उघड होतात.

एक्ससी४० जुलै २०१८ मध्ये डिझेलसह भारतात आली. २०१९ च्या अखेरीस पेट्रोल आवृत्ती दाखल झाली. दोहोंना टॉर्क कन्व्हर्टर प्रकारचा आठ गतींचा गिअरबॉक्स आहे आणि युरो एनकॅपच्या चाचणीत या गाडीला पाच तारे मिळाले आहेत. या वर्गात पेट्रोल एक्ससी४० आणि दुसऱ्या पिढीची एक्स१ या दोन गाड्या आम्हाला सर्वांत निर्धोक वाटतात. इव्होकच्या दिसण्याला तोड नाही. तथापि तिच्या इंजेनियम डिझेल इंजिनांविषयी, विशेषतः इंजिन ऑइलमध्ये डिझेल मिसळणे आणि टायमिंग चेनची झीज, यांविषयी परदेशात इतक्या तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत की सेवा-नोंदी पूर्ण नसलेली इव्होक कितीही स्वस्त मिळाली तरी टाळावी.

गिअरबॉक्सविषयी थोडेसे. ड्युअल क्लच प्रकारात, म्हणजे क्यू३, जीएलए आणि काही पेट्रोल एक्स१ मध्ये, गिअर क्षणार्धात बदलतात. परंतु ऑइल वेळेवर बदलले नाही तर आतील क्लच आणि त्याचे नियंत्रक यंत्र लवकर झिजते. मांडवी पुलावरच्या कोंडीसारख्या संथ रहदारीत चाचणी घेतल्याशिवाय हा दोष कळत नाही. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसके देते का, चढावर थांबून निघताना थरथरते का, रिव्हर्स पडायला वेळ लागतो का, हे पाहावे. मोकळ्या महामार्गावर दहा मिनिटे पळवून आणली की सगळ्याच गाड्या उत्तम वाटतात.

डिझेल की पेट्रोल

गोव्यापुरते बोलायचे तर हा प्रश्न अंतराचा आहे. बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारी डीपीएफ ही गाळणी असते. ती स्वतःला स्वच्छ करते, पण त्यासाठी गाडी काही काळ सलग आणि बऱ्या वेगाने धावावी लागते. ताळगावहून पणजी आणि पणजीहून पर्वरी असा ज्यांचा दिवस संपतो, त्यांच्या गाडीची गाळणी तुंबण्याची शक्यता अधिक, आणि ती बदलण्याचा खर्च मोठा. वर्षातून बऱ्याच वेळा पुणे-बंगळुरूपर्यंत जाणाऱ्याने डिझेल जरूर घ्यावे. इतरांना पेट्रोल बरे. मात्र आता पंपांवर सर्रास २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पूर्वी बनलेल्या अनेक गाड्यांची रचना त्या मिश्रणासाठी झालेली नव्हती. इंधन टाकीच्या झाकणामागील सूचना आणि गाडीसोबतची पुस्तिका वाचून कोणते मिश्रण चालते, याची खात्री करावी.

आलिशान डिझेल गाड्या दिल्ली आणि हरियाणाच्या क्रमांकांसह येथे स्वस्तात दिसतात, त्यामागेही कारण आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले आणि त्यासंबंधीचे आदेश वेळोवेळी बदलत राहिले. परिणामी आठ-नऊ वर्षांची डिझेल गाडी तेथील मालकाला नकोशी होते. ती वाईटच असते असे नव्हे; कमी किंमत हा तिचा गुण मानू नये, एवढेच.

पाऊस, पूर आणि खारी हवा

चेन्नईत डिसेंबर २०१५ मध्ये, केरळात ऑगस्ट २०१८ मध्ये, सांगली-कोल्हापुरात ऑगस्ट २०१९ मध्ये, हैदराबादेत ऑक्टोबर २०२० मध्ये महापूर आले. अशा प्रत्येक पुरानंतर पाण्यात बुडालेल्या गाड्या स्वच्छ करून दूरच्या राज्यांत विकल्या जातात. साध्या गाडीपेक्षा आलिशान गाडीला पुराचे पाणी अधिक घातक, कारण तिचे कित्येक नियंत्रक आणि वायरींचे जुडगे आसनांखाली व गालिच्याखाली असतात. ते लगेच बंद पडत नाहीत. गंज हळूहळू चढतो आणि वर्षभराने कधी दार उघडत नाही, तर कधी डॅशबोर्डवर विनाकारण दिवे पेटतात.

पुरातून निघालेली गाडी ओळखण्याच्या काही खुणा आहेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेषा राहून गेलेली असते. डिकीतील गालिचा उचलून खालचा पत्रा पाहावा. आसनांच्या रुळांवर गंज आहे का, पुढच्या दिव्यांच्या आत पाण्याचे डाग आहेत का, फ्यूजपेटीत माती आहे का, हे तपासावे. गाडीत सुगंधी द्रव्याचा दर्प जरा जास्तच येत असेल, तर काचा बंद करून, वातानुकूलन चालू न करता काही मिनिटे आत बसून राहावे. कुबट वास मग लपत नाही.

गोव्यात चाललेल्या गाडीची काळजी वेगळी. कांदोळी, मिरामार किंवा कोलव्यासारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे उघड्यावर उभी असलेली गाडी वरून चकाकत असली तरी खालून खाऱ्या हवेने पोखरलेली असू शकते. ती लिफ्टवर चढवून ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सरचे सांधे, खालची चौकट आणि समोरचा एसी कंडेन्सर पाहिल्याशिवाय सौदा करू नये. या गाड्यांच्या छतावर मोठी काच असते आणि तिच्या कडेने पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. आंब्या-फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या पाल्यापाचोळ्याने तुंबतात आणि पावसाळ्यात पाणी छताच्या अस्तरातून थेट आत उतरते. छताच्या कोपऱ्यांत पिवळट डाग दिसला, तर कारण हेच समजावे.

नोंदी बोलतात

मीटरवरील किलोमीटर मागे फिरवणे आजही सर्रास चालते. या वर्गातील गाड्यांत मात्र एक सोय आहे. धावलेले अंतर केवळ समोरच्या मीटरमध्ये नव्हे, तर इतर नियंत्रकांतही नोंदलेले असते; बीएमडब्ल्यूच्या बाबतीत तर किल्लीतही. अधिकृत सेवा केंद्रात किंवा चांगला स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये हे आकडे परस्परांशी जुळवून पाहता येतात. टायरच्या बाजूवर कोरलेले चार अंकही उपयोगी पडतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. ‘फक्त वीस हजार किलोमीटर चाललेल्या’ सहा वर्षांच्या गाडीला गेल्याच वर्षी बनलेले चार टायर असतील, तर जुने कोठे गेले, असे विचारायला संकोच करू नये. बऱ्याच बीएमडब्ल्यू गाड्यांना रन-फ्लॅट टायर असतात आणि सुटे चाक नसते. हे टायर महाग असतात आणि खड्ड्यांत लवकर दगा देतात, म्हणून त्यांची झीज वेगळी तपासावी.

सेवा-पुस्तिकेवरील शिक्क्यांपेक्षा चेसिस क्रमांकावरून काढलेला अधिकृत केंद्राचा संगणकीय इतिहास अधिक भरवशाचा असतो. तो मालकाच्या संमतीनेच मिळतो. संमती देण्यास मालक टाळाटाळ करत असेल, तर त्यातच उत्तर मिळाले. विम्याचे पूर्वीचे दावेही विचारावेत. ‘नो क्लेम बोनस’ शून्यावर आलेला दिसला, तर नुकताच दावा झालेला असण्याची शक्यता असते.

कंपन्यांच्या स्वतःच्या वापरलेल्या गाड्यांच्या योजना आहेत, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यूची प्रीमियम सिलेक्शन आणि ऑडीची अप्रूव्हड प्लस. तेथे किंमत बाजारापेक्षा चढी असते, पण तपासणी आणि वॉरंटी मिळते. प्रथमच अशी गाडी घेणाऱ्याने हा जादा पैसा द्यावा, असे आम्हाला वाटते. गोव्यासाठी आणखी एक प्रश्न आहे : त्या कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र राज्यात आहे की नाही? नसल्यास बंद पडलेली गाडी ट्रकवर चढवून चोर्ला घाट ओलांडण्याचा खर्चही हिशेबात धरावा लागतो.

किमतीबाबत एक ताजा संदर्भ लक्षात ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी लागू झाला आणि अधिभार गेला. त्यापूर्वी या वर्गातील गाड्यांवर दोन्ही मिळून ४५ ते ५० टक्के कर होता. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीची किंमतही उतरली पाहिजे. विक्रेता ‘त्या वेळी एवढ्याला घेतली होती’ असे सांगू लागला, तर त्याला आजच्या नव्या गाडीचा भाव सांगावा. तसेच जुन्या गाडीवर नोंदणीकृत विक्रेत्याला लागणारा १८ टक्के जीएसटी सामान्यतः त्याच्या नफ्याच्या फरकावर असतो, गाडीच्या संपूर्ण किमतीवर नव्हे.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० नुसार त्याच राज्यातील गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत, परराज्यातील गाडी असल्यास ४५ दिवसांत आणि विकत घेणाऱ्याने ३० दिवसांत मालकी-बदल नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवायचा असतो. नमुना २९ आणि ३० त्यासाठीच आहेत. त्यांवर कोऱ्या सह्या घेऊन ठेवण्याची आणि गाडी दोन-तीन हातांतून फिरवण्याची जुनी वाईट चाल अजून मोडलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. गाडी प्रत्यक्षात कोणाच्याही ताब्यात असली तरी अपघाताच्या भरपाईचे दायित्व त्याच्याकडे येते. आपली जुनी गाडी बदल्यात देणाऱ्यांनी हे अधिक लक्षात ठेवावे. एप्रिल २०२३ पासून अधिकृत नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडे गाडी सोपवताना ते वाहतूक खात्याला ऑनलाइन कळवण्याची तरतूद झाली आहे. तिचा आग्रह धरावा.

परराज्यातील गाडी असल्यास मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी येथे ठेवायची तर गोव्यात पुनर्नोंदणी आणि येथील रस्ताकर अनिवार्य आहे. मूळ राज्यात भरलेल्या कराचा परतावा त्या राज्याकडे मागावा लागतो आणि तो मिळण्यास विलंब होतो. हा कर किमतीत धरला, की शेजारच्या राज्यातील ‘स्वस्त’ गाडी पुष्कळदा तितकी स्वस्त राहत नाही. बीएच मालिकेच्या क्रमांकाची गाडी घेणारा स्वतः त्या मालिकेस पात्र नसेल, तर त्यालाही नियमित नोंदणी करून कर भरावा लागतो. गाडीवर कर्ज असल्यास बँकेचे पत्र आणि नमुना ३५ घेऊन नोंदणीतील बोजा उतरवून घ्यावा. थकलेले तालांव परिवहनच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून पाहता येतात. पूर्वी रेंट-अ-कार म्हणून काळ्या पाटीवर चाललेली गाडी नंतर खासगी करून विकली जात असेल, तर नोंदणीच्या इतिहासात ते दिसते. असंख्य अनोळखी हातांनी चालवलेल्या गाडीची किंमत त्या मानाने हवी.

विमा हा अखेरचा, पण नेहमी राहून जाणारा भाग. मालकी बदलली की तृतीय पक्षाचा विमा कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे जातो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जात नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. ‘नो क्लेम बोनस’ जुन्या मालकाचा असतो, त्यामुळे तेवढ्या फरकाची रक्कम कंपनी मागते. साध्या पॉलिसीत पाणी शिरून इंजिन निकामी झाल्यास भरपाई मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कवच घ्यावे लागते. जून उजाडण्यापूर्वी ते घेतलेले बरे.

पैसे देताना ठरलेल्या रकमेचा काही हिस्सा नोंदणी पुस्तकावर आपले नाव चढेपर्यंत राखून ठेवावा आणि तशी अट विक्रीच्या करारात लिहून घ्यावी. दोन्ही किल्ल्या मागाव्यात. या गाड्यांची हरवलेली किल्ली कंपनीकडूनच मागवून गाडीशी जुळवून घ्यावी लागते, आणि तिचे बिल पाहून अनेकांना आपण आलिशान गाडी घेतल्याची पहिली जाणीव होते.